घरची शाळा, जनरल शिफ्ट

विश्वंभरराव फडणीसांनी तीन कोटेशनं मागवल्याशिवाय आयुष्यात काही विकत घेतलं नाही. मकरपुऱ्याच्या कारखान्यात ते खरेदी खात्यात होते तोवर हे शोभून दिसायचं. पण हा माणूस घरच्या कोथिंबिरीच्या जुडीसाठीही तीन गाड्या फिरायचा, आणि तोवर पहिल्या गाडीवरची कोथिंबीर संपलेली असायची. नियम सोडून त्यांनी केलेली गोष्ट एकच. पुण्याच्या शालिनीला बघायला गेले आणि चहा संपायच्या आत हो म्हणून मोकळे झाले. "दुसरं कोटेशन मागवलं असतंत तर सुटले असते मी," असं शालिनी म्हणायची, पण ते चारचौघांत.

शालिनीचं बडोद्याशी छान जुळलं. बडोद्याच्या मराठीशी मात्र तिचं हाडवैर. फडणीसांचे पणजोबा गायकवाडी अमलात कचेरीत कारकून होते, तेव्हापासून घराणं बडोद्यातलं, आणि आपलं मराठी अगदी शुद्ध आहे असा सगळ्या घराण्याचा समज. शालिनी लग्न होऊन आली त्याच्या दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी विचारलं, "सूनबाई, दागिने मुकलेस ना नीट?" पुण्यात मुकणं म्हणजे हातचं जाणं, गमावून बसणं. नवी नवरी कपाटाकडे धावली, डबा उघडून एकेक दागिना तपासला आणि रडवेली होऊन म्हणाली, "नाही हो आई, सगळे आहेत!" सासूबाईंना कळेना ही रडते कशाला. गुजरातीत मूकवुं म्हणजे ठेवणं, आणि बडोद्याचा मराठी माणूस दूध गॅसवर मुकतो, स्कूटर सावलीत मुकतो आणि पोरांना शाळेत मुकतो. त्याच संध्याकाळी नवऱ्याने प्रेमाने विचारलं, "तू जमलीस का?" तिला वाटलं, फडणीसांच्या घरात आपण जमलो की नाही याचा निकाल हे इतक्यातच मागतायत. तो बिचारा जेवलीस का एवढंच विचारत होता.

तेव्हापासून तिने घरात या दोन क्रियापदांवर बंदी घातली. "ठेवणं म्हणा. जेवणं म्हणा. मातृभाषा आहे ना ही तुमची?" विश्वंभरराव मान डोलवायचे आणि पुढच्याच वाक्यात चष्मा टीव्हीवर मुकायचे.

सत्त्याण्णव साली कारखाना एका परदेशी कंपनीने घेतला. खरेदी खात्यात कॉम्प्युटर बसला आणि विश्वंभरराव उठले. त्याला स्वेच्छानिवृत्ती म्हणतात. त्यातली स्वेच्छा कुणाची होती हे कारखान्यातल्या शिपायालाही ठाऊक होतं. हार, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ घेऊन ते तरसालीच्या सोसायटीत परतले. दुर्दैव असं की कारखान्याचा भोंगा तरसालीपर्यंत ऐकू यायचा. सकाळी भोंगा झाला की हा माणूस चहाचा कप हातात घेऊन उभा राहायचा, आणि आता जायचं कुठे ते न आठवून परत बसायचा. शालिनी अलकापुरीच्या विमा कचेरीत निघून जायची. मग घरात ते आणि ते घड्याळ. घरी बसणं त्यांना आतून खात होतं, आणि ते कुणाला सांगायची सोय नव्हती.

त्याच वर्षी अवंतीला कावीळ झाली. अवंती त्यांची एकुलती एक, चौथीत. अर्धं वर्ष अंथरुणात गेलं, आणि एप्रिलमध्ये शाळेने कळवलं की मुलीला पुन्हा चौथीतच बसवा. विश्वंभरराव तडक मुख्याध्यापकांसमोर उभे राहिले.

"परीक्षा घेतलीत का तिची?"

"हजेरी नाही, मग परीक्षा कशी घेणार?"

"साहेब, तपासणी न करता माल रिजेक्ट करता येत नाही," विश्वंभरराव म्हणाले आणि अवंतीचा दाखला काढून घरी आले.

शालिनीने कपाळावर हात मारला. मग पुणेरी हिशोबीपणाने तिने अट घातली. "एक वर्ष. पाचवी तुम्ही घरी करून घ्या. पुढच्या जूनमध्ये मांजलपूरच्या शाळेत सहावीची प्रवेशपरीक्षा. पास झाली तर तिथे जाईल, आपल्या वयाच्या पोरींत बसेल."

"आणि नापास झाली तर?"

"तर राहील घरी तुमच्यापाशी. पण मग मी तुमच्याशी बोलणार नाही."

अवंतीला अटीशी कर्तव्य नव्हतं. तिची जिवलग मैत्रीण उल्का मांजलपूरच्या त्याच शाळेत गेली होती आणि बाकावर शेजारची जागा धरून ठेवीन असं वचन देऊन गेली होती. अवंतीला त्या जागेवर बसायचं होतं, बस.

पहिला प्रश्न पुस्तकांचा. विश्वंभररावांनी तीन कोटेशनं मागवली: गुजरात बोर्ड, केंद्रीय बोर्ड आणि महाराष्ट्र बोर्ड. शेवटचा संच त्यांच्या सासूबाईंनी, म्हणजे शालिनीच्या आईने, पुण्याहून कुरियरने पाठवला. मग त्यांनी तक्ता मांडला. पानं, चित्रं, बांधणी, कागदाची जाडी, एकूण वजन. शालिनीने तक्ता वाचला आणि विचारलं, "मुलीला शिकवायचंय की रद्दीत घालायचंय?"

शेवटी निर्णय होईना, तेव्हा त्यांनी खरेदी खात्यातला जुना उपाय काढला आणि ऑर्डर वाटून दिली. गणित केंद्राचं, भूगोल गुजरातचा, मराठी पुण्याचं. इतिहासाची मात्र चुकून पुण्याची आणि गुजरातची अशी दोन्हीकडची पुस्तकं आली, आणि त्यातून निघालं सुरतेचं प्रकरण. शिवाजी महाराज एका पुस्तकात सुरतेवर स्वारी करत होते, आणि दुसऱ्यात त्याच सुरतेत लूट झालेली होती. अवंतीने दोन्ही पुस्तकं शेजारी-शेजारी उघडली.

"बाबा, यातलं खरं कुठलं?"

वडिलांची मराठ्याची छाती एकदा फुगली. मग समोरच्या गुजराती शेजाऱ्यांच्या खिडकीकडे बघून ती जरा बसली. "दोन्ही पार्टींचं म्हणणं फाइलला लावायचं," ते म्हणाले. "विचारणारा कोण ते बघून उत्तर द्यायचं." या एका वाक्यात बडोद्याच्या मराठी माणसाचा दोनेकशे वर्षांचा अनुभव आला, पण ते त्यांच्या लक्षात आलं नाही.

शाळा जनरल शिफ्टमध्ये सुरू झाली. कारखान्याचा भोंगा झाला की जेवणाच्या टेबलापाशी अवंती हजर. पायात बूट, कारण शॉप फ्लोअरवर चपला चालत नाहीत. भिंतीवर 'सुरक्षा प्रथम' अशी पाटी, आणि त्याखाली निरोपाचं ते घड्याळ. वर्गातून स्वयंपाकघरात पाणी प्यायला जायचं तर गेटपास. पहिल्या दिवशी अवंतीने गेटपास मागितला आणि विश्वंभररावांनी इतक्या आनंदाने सही केली की ती दर थोड्या वेळाने पाणी प्यायला लागली. निवृत्तीनंतर त्यांच्या सहीला कुणी विचारलं नव्हतं.

तब्येतीचं खातंही त्यांच्याकडेच. उकळलेलं पाणी, मोड आलेले मूग, उसाचा रस, मऊ भात. तळलेलं बंद. व्यायामाचं काम त्यांनी बाहेर दिलं, शेजारच्या गणपतराव शिर्क्यांना. गणपतरावांचे आजोबा संस्थानच्या घोडदळात होते. गणपतराव स्वतः बँकेच्या दारात बंदूक घेऊन स्टुलावर बसून निवृत्त झाले होते, पण बोलताना घोड्यावरूनच बोलायचे. सकाळी सोसायटीच्या कॉमन प्लॉटमध्ये ते अवंतीला पळवायचे. "पोरी, शिर्क्यांच्या पागेतलं घोडंही इतकं मूग खात नव्हतं," असं म्हणत तिला दोन फेऱ्या जास्त घालायला लावायचे, आणि परतताना त्यांच्या गंगाबाई पदराआडून सुखडीची वडी तिच्या हातावर ठेवायच्या. तूप-गुळाच्या या चोरट्या आयातीचा विश्वंभररावांना पत्ताच नव्हता. पोरीचे गाल भरू लागले, आणि त्याचं श्रेय सगळं मुगाला मिळालं.

दिवाळीत पुण्याहून सासूबाईंचा फोन आला. शालिनी नेमकी बाहेर.

"काय हो विश्वंभरराव, नात अजून घरीच?"

"हो ने! पण काळजी नका करू. जूनमध्ये शाळेत मुकणार तिला."

सासूबाईंनी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. "शाळेला मुकणार?"

"एकदम पक्कं! मांजलपूरला मुकणार. उल्कासुद्धा तिथेच मुकलेली आहे."

सासूबाईंनी फोन ठेवला आणि त्याच आठवड्यात नातीचं आयुष्य वाचवायला त्या बडोद्याला येऊन धडकल्या. शालिनीने दोघांची समजूत घातली आणि नवऱ्यासमोर व्याकरणाचं पुस्तक आपटलं. "एका क्रियापदापायी माझी आई रिझर्वेशन नसताना आली!" विश्वंभररावांनी पुस्तक उचललं, धूळ झटकली आणि शेल्फवर मुकलं.

जानेवारीत संप झाला. अवंतीने बूट काढून टेबलाखाली रांगेत ठेवले आणि खुर्चीवर मांडी घातली. मागणी एकच: शनिवारी सेव-उसळ. कारखान्यातले संप विश्वंभररावांनी नेहमी व्यवस्थापनाच्या काचेमागून पाहिले होते. इथे काच नव्हती.

"आधी कामावर या, मग बोलणी," ते म्हणाले.

"आधी बोलणी. मूग नहीं चलेगा, नहीं चलेगा!" अवंती टेबल बडवत म्हणाली. ही घोषणा तिला गणपतरावांनी शिकवली होती हे पुढे उघडकीला आलं.

वाटाघाटी दुपारच्या भोंग्यापर्यंत चालल्या. डॉक्टरांची परवानगी आली तर महिन्यातून एक शनिवार, तिखट बेताचं, वरची तर्री नाही. डॉक्टर हसून हो म्हणाले. पहिल्या शनिवारी बापलेक लारीवर, म्हणजे हातगाडीपाशी, उभे राहून सेव-उसळ खात होते आणि विश्वंभररावांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते त्यांनी तिखटावर ढकललं. खरं म्हणजे त्या क्षणी त्यांना कळलं होतं की आपण फार सुखात आहोत, आणि या सुखाची शेवटची तारीख जूनमधली आहे.

तिथून त्यांचं बिनसलं. अवंती पास झाली तर त्यांची शाळा बंद. नापास झाली तर तिची मैत्रीण सुटणार, वर्ष बुडणार, पण सकाळच्या भोंग्याला टेबलापाशी कुणीतरी बूट घालून बसलेलं असणार. असला विचार बापाच्या मनात येऊ नये. पण तो आला, आणि आला तो बसूनच राहिला. घरी लवकर आलेल्या पाहुण्यासारखा, काम सांगत नाही आणि उठतही नाही.

एप्रिलपासून अवंतीच्या लक्षात येऊ लागलं की शाळेला सुट्ट्या फार होतायत. आज कमाटी बागेत पोपट बघायचे म्हणून, उद्या आंबे आले म्हणून. आणि गणितातलं अपूर्णांकांचं प्रकरण काही केल्या येत नव्हतं.

"बाबा, उल्काचे अपूर्णांक कधीच झाले. आपले कधी?"

"माल यायचाय अजून," विश्वंभरराव पेपरमागून म्हणाले.

अवंतीने पेपरखाली वाकून पाहिलं. मग म्हणाली, "बाबा, पुस्तक तर घरातच आहे. तुम्ही त्याच्यावर बसलायत."

ते खरंच त्यावर बसले होते. खुर्चीची उशी सरकली होती आणि केंद्रीय बोर्डाचं गणित खाली दबलं होतं. त्यांनी ते काढलं. आयुष्यभर त्यांनी कंत्राटदारांना माल अडवून ठेवताना पकडलं होतं. गोदामात माल असून नाही म्हणणारा माणूस त्यांच्या लेखी सगळ्यात हलका. त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की कान तापले. कारखान्यातून त्यांना दुसऱ्यांनी उठवलं होतं. इथलं दार त्यांना आपल्या हाताने लावायचं होतं, आणि तेही वेळेवर.

ते उठले, कोपऱ्यावरून खमण ढोकळा घेऊन आले, तेही आयुष्यात दुसऱ्यांदा कोटेशन न मागवता. चौकोनी तुकडा टेबलावर आला. त्याचे चार भाग झाले.

"एक खा. काय उरलं?"

"पाऊण."

"आणखी अर्धा भाग खा. आता सांग."

अवंतीने खाल्ला, विचार केला, आणि विचार करता करता उरलेलंही तोंडात टाकलं. "बाबा, उत्तर संपलं."

त्या महिन्यात खमणाच्या किती ताटल्या शिक्षणखात्यात खर्ची पडल्या ते विचारू नका. छेद समान करताना मात्र खमण कामाला येईना, तेव्हा गणपतराव मदतीला आले आणि घोड्यांच्या रतिबावरून एक उदाहरण घालू लागले. ते त्यांना स्वतःलाच सुटलं नाही. अवंतीने सोडवून दिलं.

परीक्षेचा दिवस आला. लेखी पेपर झाला आणि अवंती बाहेर येऊन म्हणाली, "बाबा, सगळं खमणच होतं." मग दोघांना मोठ्या बेनकडे बोलावलं. मुख्याध्यापिका गुजराती होत्या, पांढरी साडी, चष्मा साखळीला. त्यांनी पेपर चाळला, मुलगी वर्षभर शाळेत गेलेली नाही हे वाचलं, आणि बडोद्यात मराठी पोरीला हमखास विचारला जाणारा प्रश्न विचारला.

"बेटा, शिवाजी महाराज सुरत केम आव्या हता?"

विश्वंभररावांनी खुर्चीचा हात धरला. महाराज सुरतेला का आले? पोरगी स्वारी म्हणाली तर बेन रागावतील, लूट म्हणाली तर गायकवाडी पणजोबा वरून रागावतील. अवंतीने बेनकडे पाहिलं. मग बाबांकडे. मग अत्यंत अदबीने विचारलं, "बेन, कया बोर्डनो जवाब आपुं?"

बेनचा चष्मा साखळीवर पडला. त्या इतक्या हसल्या की शेजारच्या खोलीतून कारकून डोकावून गेला. कुठल्या बोर्डाचं उत्तर ते न निवडता त्यांनी दोन्ही ऐकून घेतली आणि मग विचारलं, तुला कोणी शिकवलं?

"मारा पप्पाए," अवंती म्हणाली. "जनरल शिफ्टमां."

"आवी छोकरी तो अमने जोईए ज," बेन म्हणाल्या, आणि अशी मुलगी आपल्याला हवीच म्हणून त्यांनी सही केली. विश्वंभररावांची छाती अभिमानाने भरून आली, आणि त्याच छातीत काहीतरी खाली बसलं. दोन्ही एकदम झालं. त्यांनी वाकून नमस्कार केला आणि जाताना बेनचंच पेन चुकून खिशात घातलं.

शाळा उघडली त्या दिवशी ते अवंतीला दुपारच्या शाळेला स्कूटरवरून घेऊन गेले. तिच्या पायात बूट होतेच, त्यांची नवी सवय लावायची नव्हती. फाटकापाशी उल्का उभी होती आणि दुरूनच हात हलवत होती. विश्वंभररावांनी डबा दिला, पाण्याची बाटली दिली, सांगितलं की बाहेरचं पाणी पिऊ नको, डबा संपव, धावल्यावर लगेच पाणी नको. सांगण्यासारखं आणखी काही सापडेना, तरी ते उभे राहिले.

अवंती फाटकातून आत गेली आणि परत फिरून आली. तिने खिशातून कागदाचा एक चिटोरा काढला. तो गेटपास होता, घरच्या शाळेचा.

"सही करा," ती म्हणाली.

विश्वंभररावांनी बेनच्या पेनने सही केली. ती धावत आत गेली, उल्काचा हात धरला, आणि मग काही तिने मागे पाहिलं नाही. पाहायचं कारणही नव्हतं. रीतसर पास घेऊनच गेली होती.

ते घरी आले तेव्हा शालिनी दारातच होती. पहिला दिवस म्हणून तिने कचेरीत उशिरा येते असं कळवलं होतं. टेबलापाशी एक खुर्ची आत सरकवलेली होती. 'सुरक्षा प्रथम'ची पाटी तशीच होती. लांबून दुपारचा भोंगा झाला, आणि विश्वंभरराव उभे होते तसेच उभे राहिले.

"झालं सगळं नीट?" शालिनीने विचारलं.

"हो," ते म्हणाले. "शाळेत मुकून आलो तिला."

शालिनीचं तोंड सवयीने उघडलं. 'ठेवून' हा शब्द अगदी जिभेवर आला होता. तिने नवऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि आज या माणसाने शब्द बरोबर वापरला आहे, पुण्याच्या मराठीतसुद्धा, हे तिला कळलं.

तिने त्यांच्या हातातून हेल्मेट घेतलं, कोपऱ्यात ठेवलं आणि ताट वाढायला घेतलं.

"बसा," ती म्हणाली. "आधी जमून घ्या."